पंखा लावायचा नाही

चुलीवरच्या पातेल्याचं झाकण हललं, किणकिणलं. सकाळपासून घरात झालेला तेवढाच आवाज. झुमरा ते सारायला उठली नाही. पलंगाच्या कडेला बसून, एस्माच्या पाठीवर तळवा ठेवून ती आतलं ऐकत होती. तळव्यानेही ऐकता येतं, हे तिला गेल्या वर्षभरात कळलं होतं. छातीतली घरघर आधी बोटांना लागते, कानांना नंतर. आज बोटांना काही लागलं नाही. पोरीचा श्वास कुठे न अडता येत होता, जात होता. उशीवर केसांची एक बट त्या श्वासाबरोबर हलत होती. झुमराला ती बट बाजूला करावीशी वाटली नाही. अशीच हलत राहू दे.

"बघितलंस?" चुलीपाशी बसलेल्या सासूबाई म्हणाल्या. "वारं तोडलं आणि पोर सुधारली."

पेश्तेरच्या पठारावर वाऱ्याबद्दल कोणी वाद घालत नाही. घरात समोरासमोरची दारं उघडी राहिली की म्हातारी माणसं हातातला घास ठेवून आधी दार लावायला उठतात. ओल्या केसांनी उंबऱ्यात उभं राहिलं की सात घरं ओरडतात. आणि गाडीत झडपेतून तोंडावर येणारा वारा तर सगळ्यात वाईट, कारण तो दिसत नाही, गरम असतो, आणि गरम वारा माणसाला फसवतो, असं सासूबाईंचं मत होतं. त्यांनी गाडीच्या पुढच्या झडपांमध्ये जुने लोकरीचे मोजे कोंबले होते. झुमराचा नवरा फिक्रेत ऑस्ट्रियातून ही गाडी घेऊन आला त्याच आठवड्यात.

एस्माचं दुखणं त्या वसंतातच सुरू झालं. छोटे छोटे ओढून घेतलेले श्वास, एकामागे एक, आणि मग एक लांब सोडलेला, शेवटी बारीक शीळ. रात्र रात्र झुमरा तिला उभी धरून बसायची. पठाराखालच्या पाझार शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी औषध दिलं, सासूबाईंनी गुलाबफळांचा काढा दिला. कशाने गुण आला कोण सांगणार. पण बायरामच्या, म्हणजे ईदच्या सणाला फिक्रेत आला, आठ-दहा दिवस राहिला, जाताना अंगणात उभा राहून त्याने बायकोला बजावलं, गाडीचा पंखा लावायचा नाही, पोरीच्या छातीला वारं लागतं. आणि त्या दिवसापासून पोर हळूहळू मोकळी होत गेली. नवरा कधी नव्हे तो आपल्या आईच्या बाजूने बोलला, याचं तेव्हा झुमराला हसू आलं होतं. ऑस्ट्रियातल्या ग्राझला परत जाताना तो गाडी इथेच ठेवून बसने गेला. तुला पोरीला घेऊन दवाखान्यात जावं लागतं ना, म्हणाला. त्या एका वाक्यावर तिने अख्खा हिवाळा काढला असता.

पण हिवाळा काही गोड वाक्यांवर निघत नाही. पठारावर थंडी उतरली तसा दोघींचा श्वास समोरच्या काचेवर आतून गोठायला लागला. झुमरा एका हाताने चाक धरायची, दुसऱ्या हाताने बर्फ खरवडायची. मागच्या खेपेला दुगा पोल्याना गावाच्या वळणावर लाकडं ओढणारा घोडा तिला दिसला तो थेट चाकापुढे. घोडा वाचला, गाडी बर्फाच्या ढिगात घुसली, आणि मागच्या सीटवरून एस्मा शांतपणे म्हणाली होती, "आई, घोड्याच्या मिशा गोठल्यात."

आज परत जायचं होतं. छाती साफ निघाली तर औषध बंद करू, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. आजच्या खेपेसाठी तरी काच साफ हवी होती. सासूबाई कोंबड्यांकडे गेल्या तशी झुमराने झडपांतले मोजे ओढून काढले आणि पंख्याचा खटका फिरवला. पहिल्यावर काही नाही. दुसऱ्यावर काही नाही. शेवटच्यावरसुद्धा नाही. इतके महिने झडपा बंद होत्या, त्यामुळे पंखा मेलाय हे कोणाला कळायचं कारणच नव्हतं.

आदेमकाकांचं घर गावाच्या टोकाला, त्यांच्याच गोठ्याच्या अर्ध्या भागात त्यांचं गॅरेज. त्यांची बायको शेफिकाकाकू एस्माला आत चुलीजवळ घेऊन गेली, आणि काकांनी बॉनेट न उघडताच भाषण सुरू केलं. हल्ली सगळ्यांना गाडीत हमामखाना पाहिजे. त्यांच्या बापाने घोड्यावरून पाझार गाठलं, तेव्हा घोड्याला कुठे पंखा होता. बोलता बोलता त्यांनी फ्यूज काढून उजेडात धरला. ठीक होता. सगळ्याच नंबरांवर बंद आहे म्हणजे नुसता खटक्यामागचा तुकडा जळलेला नाही, असं ते स्वतःशीच म्हणाले, आणि समोरचा खण सोडवून काढायला लागले. खणातून पोरीची एक लाल टोपी निघाली, बिस्किटाचा चुरा निघाला. काकांनी चुरा झाडून टोपी झुमराच्या हातात दिली. मग पाठीवर आडवे होऊन त्यांनी बॅटरीचा झोत आत टाकला.

दोन बोटांनी त्यांनी आतली एक वायर पुढे ओढली.

"झुमरा," ते म्हणाले, "ये बघ इकडे. ही तुटलेली नाही. तोडलीये."

ती वाकली. पंख्याकडे जाणारी दोन तारांची वायर पकडीने सरळ कापलेली होती. दोन्ही टोकं वेगवेगळी, काळ्या चिकटपट्टीने नीट गुंडाळलेली. आणि दोन्ही पट्ट्यांच्या शेवटाला एक बारीकशी घडी, पुढच्या माणसाला नखाने सोडवता यावी अशी.

ती घडी तिला माहीत होती. लग्नानंतर घरातली वायर फिक्रेतने ओढली तेव्हा प्रत्येक जोडाला ती होती. मुरंब्याच्या बरण्यांना होती. एस्मा बाळ असताना तिच्या लंगोटाच्या पट्टीलासुद्धा त्याने ती घातली होती. रात्री तुझी बोटं झोपेत असतात, म्हणाला होता. एवढा विचार करणारा नवरा मिळाला म्हणून ती तेव्हा अंधारात रडली होती, सुखाने.

काकांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. वारं लागू नये म्हणून तोडली असेल, एवढं पुटपुटले. पण वारं नको असेल तर माणूस खटका बंद ठेवतो. नाहीतर मोजे कोंबतो.

"जोडा," झुमरा म्हणाली.

त्यांनी जोडली. किल्ली फिरवली, खटका फिरवला. पंखा लागला. आधी धुळीचा वास आला, मग जुन्या रबराचा, मग कशाचाच नाही. काका खुशीत आले. हवा किती जोरात येते ते बघायला त्यांनी सिगारेट पेटवली आणि धुराची फुंकर डावीकडच्या झडपेसमोर सोडली, ते नेहमीच तसं करायचे.

धूर झडपेत गेला.

"उलटा फिरतोय," काका म्हणाले. "तारा उलट्या लागल्या." पण बोलून होईपर्यंत तोच धूर परत बाहेर आला, लांबट, सावकाश. मग पुन्हा आत. थोडा थोडा, ओढून घेतल्यासारखा, आणि पुन्हा एकदा लांब बाहेर, शेवटी जाळीपाशी बारीक शीळ. काकांनी तारा बदलून पाहिल्या. काही बदललं नाही. त्यांनी सिगारेट बर्फात टाकली आणि ती विझलेली असतानाही बुटाने चिरडत राहिले.

घराचं दार उघडलं. शेफिकाकाकू एस्माला शालीत गुंडाळून उभी होती. पोरीची छाती जरा भरल्यासारखी वाटते, म्हणाली, आत्ताच, बसल्या बसल्या. आत धूर झाला असेल चुलीचा.

झुमराने धावत जाऊन तिला घेतलं. तळवा पाठीवर ठेवला. बोटांना लगेच लागलं.

मग तर जायलाच हवं होतं. तिने एस्माला मागे बसवलं, पट्टा लावला, लाल टोपी घातली. काका खिडकीपाशी आले. जन्मभर ज्या माणसाने आपल्या दुकानाचं दार कधी बोटभर उघडं ठेवलं नाही, तो माणूस खाली वाकून म्हणाला, "काच जरा खाली ठेव, पोरी."

पठारावर ऊन होतं, बर्फावरून डोळ्यांत जात होतं. समोरची काच स्वच्छ, कोरडी. या हिवाळ्यात पहिल्यांदा तिला सगळा रस्ता दिसत होता. कुंपणाचे खांब, दूरवर एका घराचा धूर, बर्फातून चालत गेलेल्या मेंढ्यांची काळी रेघ. गाडीत ऊब आली होती. खिडकीची काच खाली होती तरी ऊब जात नव्हती. आणि पंख्याचा आवाज सलग नव्हता.

ती तो न ऐकण्याचा प्रयत्न करत होती. नवऱ्याचा विचार करत होती, तोही नको होता. पट्टीची घडी करताना त्याचं तोंड कसं असेल? नेहमीसारखं, जिभेचं टोक ओठांत धरलेलं?

मागून एस्माची धाप ऐकू येत होती. छोटे छोटे श्वास, मग एक लांब. समोरून पंखा. छोटे छोटे, मग एक लांब. आधी ते मागेपुढे होते. दुगा पोल्याना ओलांडेपर्यंत एक झाले. मग तिला कळेना, कोणता कुठून येतोय.

पंख्यानेच त्रास होत असेल. सासूबाईच बरोबर असतील. तिने हात पुढे केला आणि खटका शून्यावर आणला.

समोरचा आवाज थांबला.

मागचाही.

तिने आरशात पाहिलं. एस्मा डोळे उघडे ठेवून तिच्याचकडे बघत होती. ओठ जरासे विलग. गुदमरत नव्हती, धडपडत नव्हती. खेळात आपल्यावर डाव यायची वाट बघावी तशी बसली होती.

झुमराने खटका फिरवला. पंख्याने ओढून घेतलं. पोरीनेही घेतलं.

पुढच्या वळणाच्या आत तिने गाडी कडेला घेतली. इंजिन चालू. पंखा चालू. बाहेर उतरून, दार उघडंच ठेवून, तिने ग्राझला फोन लावला. पलीकडे कुठेतरी भिंत पोखरायचं यंत्र चाललं होतं.

"पंखा जोडून घेतला," ती म्हणाली.

यंत्र बंद झालं. कोणी जोडला, कधी, कसा बिघडला होता, यातलं फिक्रेतने काहीही विचारलं नाही.

"ती आत बसलीये?" त्याने विचारलं.

झुमराने उघड्या दारातून मागच्या सीटकडे पाहिलं.

"तुला माहीत होतं."

"मी सांगून गेलो होतो ना, लावायचा नाही म्हणून."

"वारं लागेल म्हणून सांगितलंस."

"मग काय सांगणार होतो?" तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "आपल्याकडे वारं म्हटलं की पुढे कोणी विचारत नाही. मला वाटलं, तू कधी लावणारच नाहीस."

"तू तोडलीस तेव्हा ती कुठे होती?"

"मागे बसली होती. खेळत."

"मग?"

पलीकडे फक्त त्याचा श्वास. नाकातून, सलग, धडधाकट.

"मग काय झालं, फिक्रेत?"

"थांबली," तो म्हणाला.

"मग कशी सुरू झाली परत? काय केलंस तू? सांग, मला तेच करायचंय."

"मला नाही माहीत. मला बघवेना, झुमरा. मी गोठ्यामागे गेलो. खूप वेळाने परत आलो तेव्हा ती टोपीत माती भरत होती."

तिने फोन बंद केला नाही. नुसता हात खाली सोडला. हातातून त्याचा आवाज येत राहिला, बारीक, तिचं नाव घेणारा. गाडीत बसताना तो फोन तिने बाजूच्या सीटवर ठेवला आणि त्याच्यावर आपली ओढणी टाकली.

उतार लागला. पाझारची घरं, मिनार, नदीवरचं धुकं. ती हळू चालवत होती. गतिरोधकावर इंजिन बंद पडेल म्हणून गाडी तिरकी घेऊन चढवत होती. सिग्नलला ॲक्सिलरेटरवरून पाय उचलत नव्हती. मध्येच कधीतरी ती स्वतःही तसाच श्वास घेत असल्याचं तिच्या लक्षात आलं, आणि तिने मुद्दाम तो मोडला.

दवाखान्याच्या आवारात तिने गाडी थेट दारापाशी लावली. काचेच्या दारातून पांढरे कोट दिसत होते. हाक मारली तर ऐकू जाईल इतके जवळ.

पहारेकरी खिडकीपाशी आला. "बंद करा बाई, धूर वरती वॉर्डात जातोय."

तिने मान हलवली. हात किल्लीवर गेला, तिथेच राहिला.

"बाई, बंद करा. पोर आजारी आहे ना, उतरवा तिला."

तिने मागे वळून पाहिलं. एस्माने स्वतःच पट्टा सोडला होता. टोपी सरळ केली होती. शहाण्यासारखी, उतरायला तयार. झडपेने ओढून घेतलं, आणि पोरीचे चिमुकले खांदे वर गेले. बोलायला ती लांब श्वास सुटायची वाट बघत होती. तो सुटला तेव्हा तिने आईच्या हाताकडे, किल्लीकडे पाहिलं.

"आई, तू बंद केलंस की मी पण थांबायचं का?"