मनोहरची शीळ

तू पेरूला पक्षी बघायला जातोयस ना निहार, तर जरूर जा. मी अडवणार नाही. पण तू आणि शिवांगी आता जेवून बसलाच आहात, बाहेर पाऊसही थांबत नाहीये, तर एक ऐकून जा.

"घोस्ट स्टोरी का, हेमकाका?"

झालेलं सांगतोय, निहार. त्यातल्या शेवटच्या रात्री मी स्वतः तिथे होतो, त्यामुळे मी काही वाढवून सांगणार नाही. कमी करूनही नाही.

काम अगदी साधं होतं. एक टेलिस्कोप आणायचा होता. २३ जानेवारी २०२१, शनिवार. वसुधाचा सकाळी फोन आला. "काका, नीळकंठ त्याचा पक्षी बघायचा टेलिस्कोप देऊन टाकतोय. दुर्बिणी, कॅमेरा, सगळंच. कुणा परक्याला देण्यापेक्षा तुम्ही घेऊन जा." मी म्हटलं येतो. हा नीळकंठ म्हणजे पुण्याच्या आमच्या सोसायटीतला मुलगा. मी इथे डच मुलखात, अ‍ॅमस्टेलव्हीनला आलो, त्यानंतर दहा-बारा वर्षांनी तोही आला. जवळच्याच झुइडओस्ट उपनगरात एका ऑफिसात डेटाबेसचं काम करायचा आणि तिथेच सातव्या मजल्यावर राहायचा. फ्लॅटबाहेर लांबलचक उघडी गॅलरी, एका ओळीत सगळ्यांची दारं. वसुधा त्याची बायको.

त्या दिवसापासून रात्रीची संचारबंदी लागणार होती. नऊनंतर बाहेर दिसलात तर पंच्याण्णव युरो दंड. मी सहाला पोचलो, सातला निघायचा बेत. पण वसुधानं थालीपिठं लावली, बोलणं लांबलं, बस चुकली, आणि साडेआठला ती म्हणाली, "काका, आज इथेच झोपा." नीळकंठ लगेच म्हणाला, "हो. राहा काका. प्लीज राहा."

त्या 'प्लीज'कडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

तो निम्मा झाला होता. गाल बसलेले. बोलताना मध्येच थांबायचा आणि मान तिरकी करून काहीतरी ऐकायचा.

वसुधा अकराला झोपायला गेली. आम्ही दोघं बाहेरच्या खोलीत. मी सहज विचारलं, "पेरूहून आल्यापासून तू एकदाही पक्ष्यांबद्दल बोलला नाहीस. काय झालं तिथे?"

आणि तो बोलायला लागला.

त्याचा एक जोडीदार होता, मनोहर. मास्ट्रिख्टच्या विद्यापीठात संशोधक. दोघांनी सात वर्षं एकत्र पक्षी पाहिले, आणि सात वर्षं एकमेकांवर जळले. कुणाच्या यादीत किती पक्षी, हा हिशेब दोघांना झोपेतही पाठ. लोक त्याला मैत्री म्हणायचे. नीळकंठ मला म्हणाला, "काका, मला तो कधीच आवडला नाही. पण त्याच्यासारखा कान दुसऱ्या कुणाला नव्हता."

फेब्रुवारी २०२०च्या शेवटी दोघं निघाले. आधी अ‍ॅमेझॉनचं जंगल, खालचं, सपाट, उकडणारं. मग तिथून गाडीरस्त्याने वर अँडीज डोंगरातल्या ढगांच्या जंगलापर्यंत. तीन आठवडे, दोघांव्यतिरिक्त पाच परदेशी आणि एक तिथला वाटाड्या. खाली नदीत दिवसदिवस होडी. मातीच्या कड्यावर लाल-निळ्या मकाव पोपटांची झुंबड बघायला पहाटे चारपासून लपून बसायचं. अंगातला शर्ट कधी वाळायचाच नाही. मुंग्या बुटात शिरायच्या आणि पाय सुजवायच्या. त्या उकाड्यात दोघांचं बिनसत गेलं. नीळकंठनं काही दाखवलं की मनोहर म्हणायचा, मी मघाच पाहिला. मनोहरनं दाखवला की नीळकंठला तो दिसायच्या आत उडालेला असायचा.

जंगलात चुकामूक होऊ नये म्हणून दोघांचा एक नेम होता. एकाने शीळ घालायची. दोन सूर, दुसरा वर चढणारा. ऐकणाऱ्याने तशीच परत घालायची. मी इथे आहे, एवढाच अर्थ. ऐकली तर उत्तर द्यायचंच. भांडण असलं तरी.

मग रस्ता चढायला लागला आणि गारठा आला. ढग झाडांतून चालत यायचा. चार हातांवरचा माणूस दिसेनासा व्हायचा. रस्त्याच्या एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी, आणि दरीचा तळ कधीच दिसायचा नाही. तिथल्या, समुद्रसपाटीपासून साडेचौदाशे मीटरवरच्या एका लाकडी मुक्कामावर मनोहर एका दुपारी धावत आला. त्याला एक अँटपिट्टा दिसला होता. जमिनीवरून टुणटुण उड्या मारत जाणारा, शेपटी नसल्यासारखा पक्षी. ऐकू सगळ्यांना येतो, दिसत कुणाला नाही. फोटो मात्र नव्हता.

नीळकंठ सगळ्यांदेखत म्हणाला, "खोटं बोलतोय हा. सात वर्षं खोटंच बोलत आलाय."

मनोहरने ताटातलं तसंच ठेवलं, कॅमेरा उचलला आणि एकटा पायवाटेने गेला.

तो रविवार होता. १५ मार्च.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला नीळकंठ ओसरीवर उभा होता. दरीकडून शीळ आली. दोन सूर. त्याला वाटलं, सापडला वाटतं पक्षी. आता टेंभा मिरवायला बोलावतोय. त्याने उत्तर दिलं नाही.

पुन्हा आली. त्याने नाहीच दिलं.

रात्री रेडिओवर बातमी लागली. देश बंद होतोय, सीमा बंद होतायत, जो जिथे आहे तिथेच अडकणार. एकच गोंधळ उडाला. एक गाडी लगेच खाली सुटली, दुसरी पहाटे चारला. रात्री अकराला दरीतून पुन्हा शीळ आली. आता तिच्यात दम नव्हता. वरचा सूर चढता चढता तुटत होता. "काका, तेव्हा मला कळलं," नीळकंठ म्हणाला. "तो पडलाय हे कळलं. मी अंथरुणात होतो. मी कानावर उशी घेतली."

पहाटे वाटाड्याने माणसं मोजली. "तुमचा मित्र?"

नीळकंठ म्हणाला, "तो रात्रीच्या गाडीने गेला."

"म्हणजे त्यांनी त्याला तसंच..." शिवांगी, थांब जरा. मीही हेच विचारलं. का रे? तो म्हणाला, "शोधायला थांबलो असतो तर विमान गेलं असतं. असं मी स्वतःला सांगत आलो. पण विमानाचा विचार मला गाडीत बसल्यावर सुचला. त्याच्या आधी नुसता राग होता."

मार्चअखेरीला डच सरकारच्या विमानाने तो परत आला. मनोहर बेपत्ता झाल्याची बोंब झाली, पण तिकडे घराबाहेर पडायलाच बंदी. शोधणार कोण? डिसेंबरात सापडला. पायवाटेपासून चाळीसेक मीटर खाली. दोन्ही पाय मोडलेले. खिशात प्लास्टिकच्या पिशवीत वही होती, कोरडी. त्याच्या बहिणीने, मालिनीने, शेवटच्या पानांचे फोटो नीळकंठला पाठवले. तिला ती पानं समजत नव्हती. नीळकंठने तो फोन माझ्या हातात दिला. मी वाचलं.

मनोहर पडल्या जागेवरून ऐकू येणारे पक्षी लिहीत होता. वेळ, नाव, कुठल्या दिशेला. आणि मध्ये मध्ये...

'१६ मार्च. ४.१०. गाडीचा आवाज. शीळ घातली. उत्तर नाही.'

'१७ मार्च. अँटपिट्टा, डावीकडे, अगदी जवळ. शीळ घातली. उत्तर नाही.'

१९ तारखेपर्यंत. चार दिवस, बाळांनो.

मालिनीने खाली एवढंच विचारलं होतं, 'दादा कुणाच्या उत्तराची वाट बघत होता?'

मी फोन खाली ठेवला. घड्याळात दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. बाहेर एक गाडी नाही, सायकल नाही. मेट्रो केव्हाच थांबलेली. इतकं गप्प झुइडओस्ट मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

नीळकंठची मान तिरकी झाली.

"वहीचे फोटो आले त्या दिवसापासून येतेय," तो म्हणाला. "आधी इमारतीमागच्या तळ्याकडून यायची. मग खालच्या पार्किंगमधून. परवा जिन्यात होती. वसुधाला ऐकू येत नाही."

"काय येतेय?"

त्याने बोट वर केलं.

आणि मी ऐकली.

गॅलरीतून. दोन सूर. दुसरा वर चढणारा... आणि चढता चढता तुटणारा.

मी खिडकीकडे वळलो. खिडकीबाहेर गॅलरीतला दिवा जळत होता. गॅलरी रिकामी.

पुन्हा शीळ. आता आमच्या दाराशी.

नीळकंठ रडत होता. आवाज न करता. "काय करू काका?"

इथे मी चुकलो. वडीलधारा माणूस मी. मला वाटलं, बिचाऱ्याचा जीव एका उत्तरासाठी अडकलाय. ते मिळालं की सुटेल. मी म्हटलं, "दे उत्तर. एकदाच दे. सुटेल तो."

नीळकंठने ओठ ओले केले. दोन-तीनदा नुसती हवा आली. मग शीळ वाजली. स्वच्छ. दोन सूर.

बाहेर शांतता.

मी श्वास सोडला. म्हटलं, संपलं.

नीळकंठ माझ्याकडे बघत होता. त्याचा चेहरा पांढराफटक. हळूच म्हणाला, "काका... उत्तर म्हणजे मी कुठे आहे ते सांगणं."

शीळ आली.

घरातून.

आतल्या बोळातून. अंधारातून. आता ती विचारत नव्हती. कुत्र्याला बोलावतात ना, तशी होती. हुकमी.

झोपायच्या खोलीतून वसुधाचा आवाज आला, झोपाळलेला. "काका, पाय दुखतायत का तुमचे? असे फरफटत काय चालताय?"

मी खुर्चीत होतो. दोन्ही पाय जमिनीवर.

फरफट थांबली... आमच्या खोलीच्या उंबऱ्याशी.

दिसलं काहीच नाही. मला विचारू नका. गारठा आला. ओल्या, कुजक्या पाल्याचा वास आला. आणि नीळकंठ उठून उभा राहिला. कुणीतरी दंडाला धरून उठवावं तसा. एक खांदा वर, एक खाली.

"दाखव," तो म्हणाला. माझ्याशी नाही. "दाखव. बघतो मी. खरंच बघतो."

दाराची कडी निघाली. त्याचे हात खाली लोंबत होते, निहार. दोन्ही हात.

उंबरठ्यावर त्याने वळून माझ्याकडे पाहिलं.

"काका?"

मी...

"काका? याल?"

मी गप्प बसलो. ओठ घट्ट मिटून. त्याने तिसऱ्यांदा हाक मारली. तरी गप्प. मला वाटलं, मी 'ओ' दिली तर मनोहरला मीही सापडेन.

दार लागलं.

वसुधा धावत बाहेर आली तेव्हा मी तसाच बसलेलो. तिने दार उघडलं. गॅलरी रिकामी. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायलाच दोन मिनिटं लागतात, आणि दार लागून तेवढा वेळ झालाच नव्हता. लिफ्ट खाली तळमजल्यावर होती. आम्ही कठड्यावरून खाली पाहिलं. काही नाही. "तुम्ही त्याला जाऊ कसं दिलंत?" ती मला म्हणाली. मग पोलिसांना फोन लावला.

सकाळी सातला कुत्रा फिरवायला निघालेल्या एका बाईला तो दिसला. तळ्याच्या पलीकडे मोकळं गवत आहे, त्याच्या मधोमध. तिथे झाड नाही. सगळ्यात जवळची इमारत चारशे पावलांवर. तो गेलेला होता.

पोलिसांनी चौथ्या दिवशी आम्हाला बोलावलं. त्यांच्याबरोबर डॉक्टर होती. शांत, वयस्कर बाई. तिने तीनदा तोच प्रश्न विचारला. हा कुठून पडला? दोन्ही पाय, कंबर, मणका, सगळ्याचा चुरा झालेला. म्हणाली, चौदा-पंधरा मजल्यांवरून पडल्यावर असं होतं. उचलून आणून टाकला म्हणावं, तर खालची माती त्याच्या अंगाच्या मापाने खचलेली. म्हणजे तो तिथेच, एवढ्या उंचीवरून पडला असणार. त्या मैदानात मांडीएवढाही उंचवटा नाही.

वसुधा आता नागपूरला असते, भावाकडे. माझ्याशी बोलत नाही. तिचं चूक नाही.

जायच्या आधी एकदाच आली होती. पोलिसांनी परत केलेलं त्याचं घड्याळ घेऊन. डोंगरात फिरणाऱ्यांचं असतं तसलं, समुद्रसपाटीपासून किती उंचावर आहात ते मिनिटामिनिटाला नोंदवणारं. काच फुटली होती, पण चालू होतं. तिने बटण दाबून मला त्या रात्रीची नोंद दाखवली.

दहा वाजता अठरा मीटर. झुइडओस्टची जमीन समुद्राहून दोन मीटर खाली, सातवा मजला तेवढाच वर येतो. बारा वाजता तेच. दोनला तेच. दोन पन्नासलाही तेच.

तीन वाजून दहा मिनिटं... एक हजार चारशे चाळीस.

तीन अकरा... एक हजार चारशे.

आणि तीन बारापासून शून्याच्या खाली दोन.