आधी वास, मग घोट

“आ करा... अजून थोडा... आणि आता दोन मिनिटं बोलू नका,” डॉक्टर म्हणाले. कारण त्यांचा आरसा तोंडात असतानाही मी बोलत होते.

क्रांती चौकातल्या त्या दवाखान्यात मी पहिल्यांदाच गेले होते. आमचे नेहमीचे दातांचे डॉक्टर गावाला गेलेले, आणि माझी दाढ काही त्यांची वाट बघायला तयार नव्हती. बाहेर पाऊस रिपरिपत होता, रिक्षावाले एकमेकांच्या खानदानाची चौकशी करत होते, आणि हे नवे डॉक्टर मला काही न विचारता माझ्या दाढेवर लवंगेच्या तेलाचा बोळा दाबून मोकळे झाले.

“काय केलंत हे!” मी बोळा थुंकून ओरडले. “उद्या माझं काम आहे!”

“मग? दाढेनं करता का काम?”

“नाकानं करते!”

मास्कच्या वर त्यांचे फक्त डोळे दिसत होते. ते हसले. वाईट एवढंच, की ते डोळे चांगले होते.

मग मला सगळं सांगावं लागलं. मी अपेक्षा, राहणार शेंद्रा. गावाला लागूनच जी औद्योगिक वसाहत झाली, तिथल्या व्हिस्कीच्या कारखान्यात मी चव बघणाऱ्या मंडळात आहे. समोर ग्लास येतात, त्यावर काचेची झाकणं. झाकण काढायचं, वास घ्यायचा, घोट घ्यायचा आणि कालची व्हिस्की आणि आजची व्हिस्की सख्ख्या बहिणी आहेत की सावत्र, ते सांगायचं. कामावर अत्तर नको, लिपस्टिक नको, डब्यात कांदा-लसूण नको. आणि आता नाकात लवंग!

“म्हणजे तुम्ही दिवसभर... पिता?” त्यांनी विचारलं. आवाजात थोडी काळजी होती.

“एक थेंबही नाही. घोट तोंडात फिरवायचा आणि थुंकायचा. गिळलं तर संध्याकाळपर्यंत घर सापडायचं नाही.”

“कमाल आहे,” ते म्हणाले. “मीसुद्धा दिवसभर लोकांना हेच सांगतो. चूळ भरा, थुंका.”

मी हसू दाबलं. दाढ दुखत असताना हसू दाबणं फार कठीण असतं.

दुसऱ्या दिवशी मला प्रत्येक ग्लासात लवंग लागली. आमच्या साहेबांनी मला घरी पाठवलं आणि वर विचारलं, “व्हिस्की तपासताय की मसालेभात?” मी तणतणत थेट दवाखाना गाठला, भांडायच्या पूर्ण तयारीनं. पण दारातच पाय थबकले. लवंगेचा वास नाही, फिनेलचा नाही, उदबत्तीचाही नाही. खिडक्या सताड उघड्या.

“सगळं धुऊन काढलंय,” डॉक्टर सुदर्शन औताडे म्हणाले. आज मास्क नव्हता, आणि खालचा चेहराही डोळ्यांना शोभेलसाच निघाला. “आणि... आज जेवताना मी कांदा खाल्ला नाही. म्हटलं, तुम्ही आलात तर...”

मराठवाड्यातल्या माणसानं भाकरीबरोबरचा कांदा सोडायचा, तेही एका पेशंटच्या नाकासाठी! मी भांडायचं विसरले. खरं सांगते, प्रेमात पडले ती तिथंच, त्या न खाल्लेल्या कांद्यावर.

दाढेच्या कामाला चार खेपा लागल्या असत्या. त्या किती लागल्या ते मी घरी सांगितलं नाही. ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं. तो मला माझ्या कामाबद्दल विचारायचा आणि मी सांगत सुटायची. कुठल्या व्हिस्कीत गूळ लागतो, कुठलीत मनुका, कुठलीत पावसात भिजलेलं पोतं. त्यानं मात्र आयुष्यात कधी घेतली नव्हती. त्याचं घर गंगापूरकडचं, सगळे माळकरी. हॉस्टेलवर पोरं प्यायला बसली की हा त्यांच्या चपला सांभाळायचा.

इथंच सगळी अडचण होती. कारण माझे वडील!

आमचे बाबा, म्हणजे काकासाहेब, शनिवारी दिवेलागणीला ओसरीवर बसतात. स्टीलचा पेला, एक पेग व्हिस्की, तेवढंच कोमट पाणी आणि भाजलेले शेंगदाणे. एकच पेग, पण त्याची पूजा अशी की देवानंही हेवा करावा. आणि त्यांचा एक सिद्धांत होता: माणूस कसा पितो त्यावरून तो कसा आहे ते कळतं. मला बघायला येणाऱ्या प्रत्येक मुलाची पोह्यांआधी पेल्याची परीक्षा व्हायची.

पुण्याच्या इंजिनिअरनं पेला भरून बर्फ घेतला. बाबा म्हणाले, “व्हिस्की हाय का रसवंती? उधळ्या हाय पोरगं.” दुसऱ्यानं कोक ओतला. “जो चव झाकतो, तो सोभावबी झाकतो.” तिसऱ्यानं पाणी न घालता गटकन रिकामा केला. “ह्याला दम नाय. उद्या बायकोवर बी असाच खेकसंल.” सोडा घेणारा त्यांना बरा वाटला होता, पण तो ढेकर देऊन “अजून आहे का?” म्हणाला. आणि एकानं हात जोडून सांगितलं, “मी घेत नाही.” त्याच्यावर तर बाबा सगळ्यात जास्त चिडले.

“जो दोन घोट घेऊन मोकळा बी होत नाय, तो आपल्या पोरीशी मनातलं कधी बोलनार?”

आई, सरूबाई तिचं नाव, हे सगळं स्वयंपाकघराच्या दारातून बघायची आणि भांडी जरा जोरात आपटायची. तिचं मत कुणी विचारत नव्हतं. माझंही नाही.

मी सुदर्शनला हे सांगितलं तेव्हा आम्ही त्याच्या दवाखान्याबाहेर उभे होतो. मला वाटलं, संपलं.

“मग...” तो पायाकडे बघत म्हणाला, “शिकव ना मला.”

“काय?”

“व्हिस्की. तूच शिकव. तुझ्याइतकी कोण शिकवणार?”

का शिकायचं, हे त्यानं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. पण त्या दिवशी घरी जाताना बस शेंद्र्याच्या पुढे गेली तरी मला कळलं नाही.

शिकवणी शेवटचा पेशंट गेल्यावर चालायची. छोट्या बाटल्या आणायचं काम सुदर्शनकडे होतं, कारण मी दुकानात गेले असते तर बातमी माझ्याआधी घरी पोचली असती. तो मास्क लावून जायचा. एकदा रांगेतला एक काका म्हणाला, “डॉक्टर, माझी कवळी कधी देताय?” तेव्हापासून तो हेल्मेटही घालायला लागला.

“हं. ग्लास तिरका धर. नाक आत घालू नको, काठाशी ने. तोंड थोडं उघडं ठेव.”

“हे मी लोकांना सांगतो.”

“आता मी सांगते. काय वास येतोय?”

तो डोळे मिटायचा. “तुझ्या... म्हणजे, गुळाचा.”

“बरोबर. आता कोमट पाण्याचे थोडे थेंब. थांब... घाई नको... बाबांना घाई आवडत नाही. आता घोट. जिभेवर पसरू दे, गालांशी ने...”

आणि मग तो पेशंटच्या खुर्चीशेजारच्या बेसिनमध्ये थुंकायचा, नीट, आवाज न करता. मी शाबासकी द्यायची. इतका गुणी विद्यार्थी कुठं मिळतो? महिन्याभरात तो डोळे बांधून सांगायला लागला, ही नवी, ही जुनी, हिच्यात लाकूड जास्त. मी ग्लास देताना आमची बोटं एकमेकांना लागायची आणि दोघंही मग बराच वेळ त्या व्हिस्कीच्या रंगाबद्दल बोलायचो.

तयारी पुरी झाल्यावर मी कृष्णामामाला दाढ तपासायला त्याच्याकडे पाठवलं. मामा खूश होऊन आला आणि आईला म्हणाला, “आक्का, अप्पूसाठी एक डॉक्टर पोरगा हेरलाय मी.” मी कपाळाला आठ्या घालून म्हटलं, “कोण? मला नाही माहीत.” नाटक करण्यात आमचं खानदान मागे नाही.

तो शनिवार आला. सुदर्शन मामाबरोबर पांढरा शर्ट घालून आला, आणि मी खोलीच्या पडद्याआड उभी राहिले. हा नापास झाला तर बाबा दुसरा मुलगा बघणार होते, आणि मला दुसरा कुणी नको होता. इतकं साधं होतं ते.

बाबांनी खास बाटली काढली. “घ्या डॉक्टर. कसं घेता?”

“आधी वास घेतो, मग घोट,” सुदर्शन म्हणाला.

बाबांच्या भुवया वर गेल्या. त्यानं पेला तिरका धरला, काठाशी नाक नेलं, डोळे मिटले. बाबांनी मामाकडे बघितलं. मग त्यानं कोमट पाणी घेतलं, थेंब थेंब सोडलं, आणि थांबला. घाई नाही. बाबांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी फक्त कापसाला भाव आल्यावर बघितला होता.

“सरू! ये सरू! बघ गं, पोरगं थांबतंय!”

सुदर्शननं घोट घेतला. जिभेवर पसरू दिला, गालांशी नेला. बाबांनीही डोळे मिटून मान डोलवली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पास झाला, पास झाला...

मग सुदर्शननं उजवीकडे बघितलं. डावीकडे बघितलं. आणि बाबांचा पितळी तांब्या पुढे ओढून त्यात अगदी सभ्यपणे थुंकला.

“सुरेख आहे,” तो रुमालानं ओठ टिपत म्हणाला. “गूळ आहे. शेवटी थोडं लाकूड.”

मामाच्या हातातला शेंगदाणा हातातच राहिला. आणि पडद्याआड माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी त्याला सगळं शिकवलं होतं, फक्त गिळायला शिकवलंच नव्हतं!

“थुकलास?” बाबांचा आवाज चिरका झाला. “माझी व्हिस्की... माझ्याच तांब्यात?”

“हो... म्हणजे...” सुदर्शन गोंधळला. “भारी व्हिस्की अशीच घेतात ना?”

“कोन म्हन्तं?”

“अपेक्षा.”

झालं. बाबा सावकाश पडद्याकडे वळले. मी बाहेर आले, कारण आत राहून काही फायदा नव्हता.

“तू शिकवलं ह्याला?”

“हो बाबा.”

“म्हंजी तुमची वळख हाय?”

“दाढ दुखत होती...” मी म्हटलं.

मामानं हसू लपवायला पटकन पेला उचलला आणि तोंडापुढे धरला. बाबा पुन्हा सुदर्शनकडे वळले. “डॉक्टर, तुमी पीत नाय?”

“नाही.”

“मंग एवढं सोंग शिकायला काहून गेला?”

सुदर्शन उभा राहिला. कान लाल झालेले. मला वाटलं आता माफी मागून निघणार. पण तो बाबांकडे बघत म्हणाला, “ती शिकवत होती म्हणून गेलो. तिनं ट्रॅक्टर दुरुस्त करायला शिकवलं असतं तर तेही शिकलो असतो. मला व्हिस्की कळत नाही, काका. मला अपेक्षा आवडते. तिच्याशी लग्न करायचंय मला... आणि हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. आत्ताच सांगतोय.”

मी बाबांकडे बघितलं.

बाबा मिशी चोळत राहिले. “एक घोट बी पोटात नाय...” ते स्वतःशीच पुटपुटले, “आन् मनातलं सगळं भायेर?” त्यांचा सिद्धांत त्यांच्याच ओसरीवर आडवा पडला होता आणि त्यांना ते दिसत होतं.

तेवढ्यात आई बाहेर आली. पदर खोचलेला, हातात उलथणं. सगळ्यांच्या मधोमध उभी राहिली.

“ह्या वसरीवर लई पोरं बसली,” ती म्हणाली. “तोंडात गेलेली दारू परत भायेर टाकनारा ह्यो पयला मानूस पाह्यला म्या. जावई ह्योच.”

“अगं पर ती भारीतली—”

“तुमी बी शिका जरा त्याच्याकून!”

बाबांनी माझ्याकडे बघितलं. “तुझं काय म्हन्नं हाय, अप्पू?”

इतकी मुलं आली आणि गेली, पण हे कुणी पहिल्यांदाच विचारत होतं. व्हिस्कीबद्दल बोलायला माझ्याकडे टोपलीभर शब्द असतात. तेव्हा दोनच धड निघाले.

“हेच पाहिजेत,” मी म्हटलं.

आई साखर आणायला आत गेली. बाबा मामाला तांब्या दाखवून, आता ह्याचं काय करायचं, यावर गंभीर चर्चा करायला लागले. सुदर्शन माझ्याजवळ सरकला. इतका, की त्याच्या शर्टाच्या इस्त्रीचा वास आला.

“खरं सांग,” तो हळूच म्हणाला, “गिळायचं असतं, हे एकदा तरी सांगायचं होतंस ना. जीव जायची वेळ आली होती माझी.”

मी खरंच विसरले होते. शपथेवर विसरले होते. पण तोंडातून भलतंच निघालं, आणि निघाल्यावर मलाच कळलं की तेच खरं आहे.

“सांगितलं असतं,” मी म्हटलं, “तर शिकवणी संपली नसती का?”