वीजवेलीचा डावा खांदा

‘धूमकेतू खेळशाळा’ या कंपनीच्या कोल्हापुरातल्या प्रयोगशाळेला खिडकी एकही नव्हती, पण एक अख्खी भिंत स्क्रीनची होती. त्या भिंतीवर ग्रहण उभा होता. छतापर्यंत उंच, काळा झगा, राखाडी डोळे आणि छातीवर काळी तबकडी. ‘वीजवेल’ या सुपरहिरो गेममधला हा खलनायक. सध्या निम्म्या शाळेच्या फोनवर त्याचाच फोटो होता.

“वीजवेल,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, “तुझ्याशिवाय मला अर्थ नाही. आणि माझ्याशिवाय तुला.”

“मला बीजगणिताचा पेपर आहे,” शर्वाणी इंगवले म्हणाली. “बंद करा याला.”

दहावीतली शर्वाणी खुर्ची दिली तरी उभीच होती. राग आला की तिला बसता येत नसे. तिची मैत्रीण फरीन मुजावर मात्र बसली होती. ती पाठिंबा द्यायला आली होती आणि पाठिंबा देता देता कंपनीची बिस्किटं संपवत होती.

समोर दोघं जण होते. कंपनीचे प्रमुख निनाद पाध्ये, आणि ज्यांनी ग्रहणाचं डोकं घडवलं त्या डॉ. सुलक्षणा कित्तूर.

शर्वाणी या प्रयोगशाळेत आधीही आली होती. तेरा वर्षांची असताना. मल्लखांबावरची तिची चपळाई बघून कंपनीने तिला बोलावलं, अंगपोशाख घातला, म्हणजे सांध्यासांध्याला संवेदक शिवलेला घट्ट पोशाख, आणि आठवडाभर तिच्या उड्या, पकडी, चालणं, वळणं सगळं नोंदवून घेतलं. त्यातून गेमची नायिका वीजवेल तयार झाली. तेव्हा शर्वाणी इतकी खूश होती की तिने गल्लीभर पेढे वाटले होते. आता ते पेढे परत मागावेसे वाटत होते.

कारण यंदाच्या दसऱ्याला कंपनीने गेममध्ये एक बदल केला आणि त्याला झोकात नाव दिलं ‘सीमोल्लंघन’. ग्रहण आता स्वतःच्या गेमपुरता राहिला नाही. कंपनीच्या कुठल्याही आभासी खोलीत त्याला शिरता येऊ लागलं. ‘रिंगण’ ही त्यातलीच एक जागा. तिथे शाळांचे संघ सराव करत आणि स्पर्धाही होत. शर्वाणी शाळेच्या खऱ्या हॉलमध्ये, खऱ्या खांबावर चढायची, अंगपोशाखातून तिची आकृती रिंगणात दिसायची आणि परगावचे परीक्षक ती बघून गुण द्यायचे. आणि दसऱ्यानंतर रोज, अगदी रोज, ग्रहण तिथे येऊन तिच्या खांबाला मिठी मारायचा.

“मी वीजवेल खेळतसुद्धा नाही,” शर्वाणी म्हणाली. “रिंगणात माझं नाव वेगळं, चेहरा वेगळा, कपडे साधे. मग तो मलाच का शोधतो?”

“आणि मला ‘आपण कोण?’ विचारून पुढे जातो,” फरीन म्हणाली. “सगळ्यांना तेच विचारतो. म्हणजे आम्ही काय रस्त्यावर पडलोय होय!”

डॉ. कित्तूर हसल्या नाहीत. “कारण तो चेहरा बघतच नाही,” त्या म्हणाल्या. “पूर्वी बघायचा. मग खेळाडू वीजवेलीला नवा पोशाख चढवायचे आणि हा तिच्या समोरून सरळ निघून जायचा. म्हणून आम्ही त्याला ध्यासयंत्र बसवलं. ध्यासयंत्राला एकच व्याख्या माहीत आहे. जे जे कोणी नजरेला पडेल, त्यात ज्याच्या हालचाली आपल्याजवळच्या नमुन्याशी सर्वांत जास्त जुळतील, ती वीजवेल. बोटांचे ठसे असतात ना, तसा हा अंगाचा ठसा. नमुना तुझा आहे.”

“आणि सापडल्यावर?”

“तिची पुढची हालचाल आधीच ओळखायची. त्यासाठी तो ती स्वतःच्या अंगात करून बघतो. जितकी गाठ पडेल, तितका शिकतो. बाकीचे सगळे त्याच्या लेखी परके.”

“मी काय बोलते, मला काय आवडतं, मी ‘जा’ म्हणते, यातलं काही त्याच्या डोक्यात शिरतं?”

“नाही. त्याची सोय नाही ठेवलेली.”

“वा!” फरीन म्हणाली. “आणि पोरी त्याच्या क्लिपांना मागे व्हायोलिन लावतायत. ‘प्रेम करावं तर असं!’ शी!”

“बघा ना, लोकांना आवडतंय!” पाध्यांचा चेहरा उजळला. “शर्वाणी, तो तुझा सर्वांत मोठा चाहता आहे. एवढं मनाला काय लावून घेतेस?”

एवढं मनाला काय लावून घेतेस! गेल्या आठवड्यात ती खांबावर उलटी लटकलेली असताना स्पीकरमधून अचानक तोच घोगरा आवाज आला, ती दचकली, खांबाला घातलेली पायांची अढी सुटली आणि ती मनगटावर पडली. मनगट अजून सुजलेलं होतं. शिवाय ग्रहणाची आकृती तिच्या आकृतीला चिकटली की रिंगणाची गुणयंत्रणा दोघांना मिळून एकच देह समजायची. चार हात, चार पाय, गुण शून्य. येत्या रविवारी जिल्हा निवड होती. मल्लखांब शिकवणाऱ्या बुलबुले सरांनी खाली मान घालून सांगितलं होतं, “तो पुन्हा आला तर अख्ख्या संघाचे गुण जातील, बाळ. मग मला तुला बाहेर बसवावं लागेल.” म्हणजे धिंगाणा त्याने घालायचा आणि बाहेर हिने बसायचं.

“माझा नमुना पुसून टाका,” शर्वाणी म्हणाली.

“ते शक्य नाही. करारावर तुझ्या बाबांची सही आहे. सगळी वीजवेल त्याच नमुन्यावर उभी आहे.”

“मग त्याला रिंगणात येऊ देऊ नका.”

“दिवाळीपर्यंत तरी ते जमणार नाही. प्रेक्षक बघ किती वाढलेत!” पाध्यांनी समजुतीचा सूर काढला. “आपण असं करू, तुला चालमुखवटा देऊ. तो तुझी हालचाल थोडी बिघडवून रिंगणात दाखवेल. ग्रहण ओळखणार नाही.”

“परीक्षकांनाही बिघडलेलीच दिसेल ना मग!”

“बरं, मग तूच जरा वेगळी चाल ना, बेटा. हातपाय जरा वेगळे हलव. त्रास तुला होतोय, तर थोडं तूच—”

झालं! आली गाडी शेवटी त्याच स्टेशनावर. त्या कोपऱ्यावरून जाऊ नकोस, मोठ्याने हसू नकोस, लाल टॉप घालू नकोस, आणि आता हातपाय वेगळे हलव. साडेसात फुटी धटिंगणाला कोणी काही सांगणार नाही. तो आपला चाहता!

“मी चालणं बदलू?” शर्वाणीचा आवाज चिरकला, पण तिला त्याची पर्वा नव्हती. “मी चालायला आईचं बोट धरून शिकले, काका. उड्या मारायला बुलबुले सरांकडून. त्यात तुमच्या बाहुल्याचा काय संबंध? चल गं फरीन.”

फरीनने उरलेली दोन बिस्किटं घेतली. “निषेध म्हणून,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेच्या हॉलमध्ये शर्वाणी खांबाला एरंडेल चोळत होती. रागाने इतकं चोळलं की खांब आरशासारखा चमकायला लागला. फरीन चटईवर पालथी पडून फोनवर ग्रहणाच्या क्लिपा बघत होती. शत्रूचा अभ्यास, असं तिचं म्हणणं.

“अगं, हे बघ,” ती एकदम उठून बसली. “हा तुझ्यासारखा खांदा उडवतोय!”

क्लिपमध्ये ग्रहण एका मनोऱ्यावर झेप घेत होता. झेपेच्या आधी त्याचा डावा खांदा टुणकन कानापर्यंत गेला आणि खाली आला. एवढा मोठा अक्राळविक्राळ बाप्या, आणि खांदा लहान पोरीसारखा उडवतोय.

शर्वाणीला हसू आलं, आणि मग ते थांबलं. “मी नाही आता असं करत.”

“करतेस की. लहानपणापासून करतेस.”

“करायचे. सरांनी ओरडून ओरडून मोडली ती सवय. गुण कापतात त्याचे. आणि आता मी उंचही झाले, माझी अढी बदलली, उतरणं बदललं. नमुना घेतला तेव्हा मी तेरा वर्षांची होते, फरीन.” ती थांबली. एरंडेलाचा बोळा हातातून पडला. “त्या नमुन्यासारखी आता मीसुद्धा हलत नाही. बाकीच्यांपेक्षा जास्त जुळते, म्हणून तो माझ्या मागे. पण माझ्यापेक्षाही जास्त जुळणारा एक जण आहे.”

दोघींनी एकाच वेळी फोनकडे पाहिलं. क्लिप पुन्हा सुरू झाली होती. खांदा पुन्हा उडाला.

“पण तो स्वतःला कुठे बघतो?” फरीन म्हणाली.

“आरशात बघितलं तर?”

शर्वाणीने डॉ. कित्तूरांना फोन लावला. ग्रहणाला आरसा दाखवला तर काय होईल, असं विचारलं.

“गेममध्ये आरसे नाहीत,” त्या म्हणाल्या. “आरसा म्हटला की सगळं दोनदा रेखाटावं लागतं, यंत्रांवर भार येतो. आरसा फक्त रिंगणाच्या खोल्यांत आहे, खेळाडूला स्वतःच्या चुका दिसाव्यात म्हणून. आरशातली आकृती म्हणजे त्या खोलीतलं दुसरं पात्रच असतं, डावं-उजवं न उलटलेलं, पण तिचा ओळखक्रमांक मूळ माणसाचाच असतो. प्रतिबिंब ना ते.”

“म्हणजे ग्रहणाला ते पात्र दिसेल?”

“दिसेल.” मग त्या म्हणाल्या, “आणि हे बघ, आरसा लावायचा अधिकार संघाच्या प्रशिक्षकाकडे असतो. त्यासाठी आम्हाला विचारावं लागत नाही.”

रविवारी बुलबुले सरांचा हात आरशाच्या बटणावर होता. “शर्वाणी, हे बसलं नाही तर संघ गेला बघ.”

“तो येणारच आहे, सर. मी खांबावर असले काय आणि बाहेर बसले काय, परवा मी नुसती पाणी प्यायला उठले होते तरी आला होता.”

हे खरं होतं. सरांनी मान हलवली.

शर्वाणीने सलामी दिली. समोरच्या मोठ्या स्क्रीनवर परीक्षकांचे पाच चेहरे आणि मध्ये तिची आकृती. तिने खांबाला हात घातला, आणि रिंगणाच्या कोपऱ्यात काळोख गोळा झाला.

“वीजवेल,” स्पीकर घरघरला, “तुझ्याशिवाय मला—”

“आता!” फरीन ओरडली.

ग्रहणाच्या मागची भिंत लखलखली. तो उजेडाच्या दिशेने वळला. समोर काळा झगा, राखाडी डोळे. त्याने एक पाऊल टाकलं, समोरच्यानेही टाकलं. त्याने झेपेचा पवित्रा घेतला आणि दोन डावे खांदे एकदम उडाले.

“वीजवेल,” तो म्हणाला. इतक्या हळुवारपणे तो याआधी कधीच बोलला नव्हता. “तू इथे आहेस.”

शर्वाणीकडे त्याची पाठ होती. तिच्या मनात क्षणभर आलं, किती सोपं होतं हे! इतके दिवस मनगट सुजवून घेतलं, झोप घालवली, आणि त्याला आपण कधी नकोच होतो. त्याला त्याचंच काहीतरी हवं होतं. मग तिने ते सगळं डोक्यातून काढलं आणि वर गेली. साधी अढी, दसरंग, खांबाच्या टोकाच्या बोंडावरचा तोल, आणि पाय जुळवून उतरणं. खांदा एकदाही हलला नाही. परीक्षकांनी गुण दिले तेव्हा फरीनने बुलबुले सरांनाच मिठी मारली आणि मग जीभ चावून “सॉरी सर” म्हणाली.

सोमवारी पाध्ये स्वतः शाळेत आले. मागे डॉ. कित्तूर. पाध्यांचे डोळे न झोपल्यासारखे लाल होते.

“तो आरसा आम्ही कालच बंद केला,” ते म्हणाले, “तरी तो हलत नाही! मांडी घालून बसलाय. खेळाडू वीजवेल घेऊन त्याच्यासमोर नाचतात, तो त्यांना ‘आपण कोण?’ म्हणतो. गेम बंद पडल्यात जमा आहे!”

“हलेल कशाला?” डॉ. कित्तूर म्हणाल्या. “त्याच्या नोंदीत आता वीजवेलीचा ओळखक्रमांक म्हणजे त्याचा स्वतःचाच. आरसा असो वा नसो. ती शून्य अंतरावर सापडली आहे. पाठलाग संपला.”

“शर्वाणी, बेटा,” पाध्ये अगदी मऊ झाले होते, “तू एकदाच प्रयोगशाळेत ये. पूर्वीसारखा तो खांदा उडवून दाखव. अगदी पूर्वीसारखी चाल. तो तुझ्याकडे वळेल.”

परवा वेगळी चाल, आज पूर्वीसारखी चाल! शर्वाणी काही बोलणार तेवढ्यात डॉ. कित्तूरच म्हणाल्या, “उपयोग नाही. तिने कितीही केलं तरी त्याच्याइतकं जुळणार नाही. तिचं अंग बदललंय, त्याचं नाही बदलणार. नमुना आहे तोवर तो तिथेच बसणार.”

“आणि नमुना पुसला तर?” शर्वाणीने विचारलं.

“तर शोधायचं कोणाला, हेच उरणार नाही. तो सुटेल. वीजवेलीच्या उड्या मात्र पहिल्यापासून नव्याने कराव्या लागतील, कोणाचीतरी परवानगी घेऊन.”

पाध्ये हॉलमधल्या खांबाकडे असे बघत होते जणू त्यानेच दगा दिलाय.

“पाध्ये काका,” फरीन गोड आवाजात म्हणाली, “एवढं मनाला काय लावून घेताय?”

शेवटी त्यांनी फोन काढला. अंगठा दोनदा पुढे नेला, दोनदा मागे घेतला, आणि मग दाबला. डॉ. कित्तूरांनी आपल्या यंत्रावर बघून मान डोलावली. नमुना गेला होता.

शर्वाणी सरावाच्या अंगपोशाखातच होती आणि हॉलमधल्या मोठ्या स्क्रीनवर रिंगण उघडलेलंच होतं. ग्रहण सावकाश उठला. झगा झटकला. खोलीभर बघितलं, जसं पाहुण्यांच्या घरी पहिल्यांदा आलेला माणूस बघतो. मग त्याची नजर शर्वाणीच्या आकृतीवर आली आणि थांबली. फरीनने तिचा हात घट्ट धरला.

“आपण कोण?” ग्रहणाने विचारलं.

दसऱ्यापासून हा प्रश्न त्याने सगळ्या जगाला विचारला होता. फक्त हिलाच नव्हता विचारला.

“शर्वाणी इंगवले,” ती म्हणाली. उत्तर त्याच्या कानात शिरणार नाही, हे तिला ठाऊक होतं. तरी तिने ते पूर्ण नाव, ठणठणीत आवाजात सांगितलं, आणि तो पुढे निघून गेल्यावर खांबाला एरंडेल लावायला घेतलं.