कस्तुरीबाईंनी ताट का नेलं?

देवापुढचं निरांजन अजून तेवत होतं, तोच कुंपणापलीकडून सुचेताची हाक आली.

"अण्णा, असाल तसे या. विनोदकुमार आलाय. शिल्पाला पोलिसांत देतो म्हणतोय."

नागनाथ सोवळ्यानिशीच निघाले. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून गल्लीतलं कुठलंही लफडं आधी त्यांच्या दारी यायचं. वर गच्चीत त्यांची थोरली बहीण, तुंगाबाई अक्का, कावळ्यांचा उद्धार करत होती. "मेल्यांनी आज परत सांडग्यांना चोच मारली. नेमक्या त्याच कोपऱ्यात." नागनाथांनी मान वर केली नाही.

सुचेताच्या घराची पुढची खोली म्हणजे तिचं ऑफिस. एक कॉम्प्युटर, दोन खुर्च्या आणि टेबलावर ते मशीन. फॅक्स तेच घ्यायचं, झेरॉक्स तेच काढायचं, कॉम्प्युटरवरचा मजकूर तेच छापायचं. वर त्याच्या फोनला वायर नाही, हातात घेऊन खुशाल अंगणात फिरावं. सत्त्याण्णव साली राजाजीनगरच्या त्या गल्लीत तसं दुसरं नव्हतं. आणलं त्या दिवशी सुचेतानं त्याला हळदकुंकू वाहिलं होतं.

त्या मशीनजवळ तिची टायपिस्ट शिल्पाश्री भिंतीला पाठ लावून उभी होती. समोर विनोदकुमार. रात्रभर झोपला नव्हता हे डोळ्यांवरून कळत होतं.

"काका, आई काल सकाळपासून नाही," तो म्हणाला.

नागनाथ खुर्चीत बसले. कस्तुरीबाई नाहीत? शनिवारच्या कीर्तनात पहिल्या रांगेत बसून बुवांचं चुकलेलं इंग्रजी हळूच दुरुस्त करणाऱ्या कस्तुरीबाई?

"पोलिसांत गेलास?"

"वर्णन लिहून घेतलं. वाट बघा म्हणाले. हुबळीची मावशी, पुण्याचा मामा, सगळीकडे फोन झाले. कुठंच नाही."

"आणि यात शिल्पाचा काय संबंध?"

विनोदकुमारनं मशीनकडे बघितलं, मग जमिनीकडे. "मी पुढच्या महिन्यात अमेरिकेला चाललोय. बायको आधीच गेलीय. आईची सोय म्हणून सर्जापूर रोडच्या एका वृद्धाश्रमात अर्ज केला होता. ऑफिसच्या फॅक्सवर चार डोळे असतात, म्हणून इथून केला. आईला सांगितलं नव्हतं. योग्य वेळ बघत होतो."

त्यानं शिल्पाश्रीकडे बोट केलं.

"हे फक्त मला ठाऊक, सुचेताअक्कांना ठाऊक आणि हिला. सुचेताअक्का तोंड उघडायच्या नाहीत. उरलं कोण?"

"आईंना कळलं होतं, हे कशावरून?"

"जाताना तिनं देवघरातले देव शेजारी नेऊन दिले. तुळशीला पाणी घाला म्हणून सांगितलं. काका, देवदर्शनाला निघालेलं माणूस देव वाटत नाही."

बोलणं खरं होतं. नागनाथ शिल्पाश्रीकडे वळले. पोरीचे ओठ कोरडे पडले होते.

"शिल्पा, अर्ज कुणी टाईप केला?"

"मी, अण्णा."

"उत्तर आलं ते कुणी घेतलं?"

"मीच. मशीनमधून निघाल्या निघाल्या पाकिटात घातलं आणि यांच्या हातात दिलं."

"बाईंना सांगितलंस?"

"नाही."

"सांगावंसं वाटलं?"

"रोज," ती म्हणाली. "बाईंनी मला इंग्रजी शिकवलं, अण्णा. घरी बसवून. त्याच इंग्रजीत मी तो अर्ज टाईप केला."

"बघा," विनोदकुमार म्हणाला. "कबूल करतेय."

"वाटणं आणि सांगणं यात फरक असतो रे बाबा. आम्हाला कीर्तनात बसून रोज वैराग्य वाटतं, घरी येऊन आम्ही वांग्याचं भरीत मागतो."

सुचेता हलक्या आवाजात म्हणाली, "अण्णा, माझा हिच्यावर विश्वास आहे. पण माझ्याकडे लोक आपले खासगी कागद घेऊन येतात. टायपिस्टचं तोंड सैल, असं एकदा झालं की मी हिला ठेवू शकत नाही. दुसरं कुणीही ठेवणार नाही."

शिल्पाश्रीनं डोळे मिटले. आधी बाई गेल्या, आता भाकरी आणि नावही जाणार.

नागनाथांनी मग आपल्या खात्याची विद्या लावली. हा वायर नसलेला फोन बेभरवशाचा. शेजारच्या घरातल्या तसल्याच फोनवर यातलं बोलणं ऐकू येतं, हे त्यांनी नोकरीत असताना पाहिलं होतं. कुणीतरी ऐकलं असेल आणि बाईंच्या कानावर घातलं असेल.

"आश्रमाशी फोनवर कोण बोललं?"

"कुणीच नाही," सुचेता म्हणाली. "विनोदनं आधीच बजावलं होतं. सगळा व्यवहार कागदावर."

"तो अर्ज, ते उत्तर, कुठं आहे?"

"ऑफिसच्या कपाटात, कुलपात," विनोदकुमार म्हणाला. "घरी चिटोरासुद्धा आणला नाही."

"इथली खराब निघालेली प्रत?"

"मी माझ्या हातानं बंबात घालते," सुचेता म्हणाली. "आमच्याकडून कागद बाहेर जात नाही, अण्णा."

सगळ्या वाटा फिरून त्या पोरीपाशीच येत होत्या. नागनाथांना ते मान्य नव्हतं आणि खोडताही येत नव्हतं.

"आईंनी बरोबर काय नेलं?" त्यांनी शेवटी विचारलं.

"तेच विचित्र आहे. दोन लुगडी आणि बीपीच्या गोळ्या, हे समजू शकतो. पण चादर नेली. आणि स्टीलचं ताट, वाटी, तांब्या."

"ताट?"

"ताट. बहिणीकडे जाणारं माणूस ताट घेऊन जातं का, काका?"

जात नाही. आणि जिवाचं बरंवाईट करायला निघालेलं माणूस बीपीच्या गोळ्या नेत नाही. एवढाच काय तो दिलासा.

दुपारपर्यंत नागनाथ फिरले. बस स्टँडवर उभे राहिले, दोन मठ पाहिले, धर्मशाळांत विचारलं. हेब्बाळच्या तळ्याकाठी एक म्हातारी एकटीच बसलीय असं कुणीतरी सांगितलं, म्हणून रिक्षा करून तिकडे गेले. दुसरीच बाई होती. तिनंच उलट विचारलं, "माझ्या मुलानं पाठवलं का तुम्हाला?" नागनाथांनी तिला दोन केळी घेऊन दिली आणि परत फिरले.

घरी येऊन ते देवासमोर बसले. नाम घ्यायला गेले तर जीभ जड. मगरीनं पाय धरलेल्या हत्तीची गोष्ट बुवा किती रंगवून सांगतात. हत्तीनं हाक मारली आणि देव धावला. पण जिनं हाकच मारली नाही, तिच्यासाठी देवानं कुठं धावायचं?

अक्कानं ताट वाढलं आणि सुरू झाली. "तुझ्या लक्षात येत नाही, पण या वर्षी सांडगे राहायचे नाहीत. कस्तुरी राखण करायची, तीही गेली. वर ती पट्टी कुणी नेली कोण जाणे. तिथंच कावळे बसतात."

"कसली पट्टी?"

"अरे, सुचेताच्या मशीनमधली. काळी, चकचकीत, प्लास्टिकची. गुंडाळी संपली की ती मला देते. मी हात हात लांब तुकडे करून सुतळीला बांधते. वाऱ्यावर चमकतात, कावळे घाबरतात. रविवारीच नवीन बांधल्या."

"आणि एक गेली? वाऱ्यानं?"

"वारा कात्री घेऊन येतो का? गाठ तशीच आहे सुतळीला. खालचा तुकडा सरळ कापून नेलाय."

नागनाथ घास तसाच ठेवून उठले. "भात निवेल," अक्का म्हणाली, तोवर ते जिन्यावर होते.

गच्चीत ऊन रणरणत होतं. चटयांवर सांडगे, पापड, कुरडया, आणि चहूबाजूंनी सुतळीवर फडफडणाऱ्या काळ्या पट्ट्या. कोपऱ्यात सावलीला बसायचा एक वेताचा मोडा. त्यावर बसून कस्तुरीबाई रोज दुपारी पेपर वाचत राखण करायच्या. नागनाथ त्याच मोड्यावर बसले आणि जिकडे त्यांची नजर जात असेल तिकडे पाहिलं.

पट्टीमागे सूर्य होता. काळ्या पट्टीत पांढरी अक्षरं उजेडानं पेटली होती.

नागनाथांनी जवळ जाऊन वाचलं. मग जिन्याच्या तोंडाशी येऊन हाक दिली, "अक्का, सुचेताला बोलाव. शिल्पाला आण. आणि विनोदला सांग, असशील तसा ये."

सगळे वर आले. नागनाथांनी विनोदकुमारला मोड्यावर बसवलं.

"वाच."

विनोदकुमारनं पाहिलं. त्याच्या तोंडावरचा रंग उतरत गेला.

"हे... हा माझा अर्ज आहे."

"सुचेता, तुझं मशीन या पट्टीवरची शाई तापवून कागदावर उतरवतं. जिथलं अक्षर कागदावर गेलं, तिथं पट्टीवर भोक पडल्यासारखी जागा मोकळी राहते. फॅक्स, झेरॉक्स, छपाई, काहीही असो, सगळं यातूनच जातं. कागद तू बंबात घातलेस. पण प्रत्येक कागदाची सावली या गुंडाळीत राहिली, आणि ती तू माझ्या बहिणीला हातानं दिलीस."

सुचेता कठड्याला धरून उभी राहिली. "काळं प्लास्टिक म्हणून दिलं, अण्णा. कधी उजेडात धरलंच नाही."

"मीसुद्धा त्याखालूनच रोज सूर्याला अर्घ्य देतो. अक्काला इंग्रजी येत नाही. या गच्चीत बसून इंग्रजी वाचणारं माणूस एकच. शिल्पानं काही सांगितलं नाही. कुणीच काही सांगितलं नाही. बाईंनी स्वतः वाचलं."

अक्कानं पदरानं शिल्पाश्रीचं तोंड पुसलं आणि तोच पदर आपल्या डोळ्यांना लावला. "माझ्या सांडग्यांपायी झालं हे."

"सांडग्यांपायी नाही, अक्का." नागनाथांचा आवाज खाली गेला. "आता पुढची पट्टी वाच, विनोद. आश्रमाचं उत्तर. मोठ्यानं."

विनोदकुमार अडखळत वाचू लागला. "अर्ज मंजूर... येणाऱ्यानं स्वतःची चादर... ताट, वाटी, पाण्याचा तांब्या..." तो थांबला.

"हा कागद तुझ्या हातात होता. वाचला नव्हतास?"

"मंजूर एवढंच वाचलं," तो म्हणाला.

"आईनं मात्र शेवटपर्यंत वाचला. याच्यापुढे काय होतं? आश्रमाचा पत्ता असणार. बस कुठली, उतरायचं कुठं. तो तुकडा इथं नाही. तो तिनं कापून नेला. तुम्ही सगळे, आणि मीही, काल ती त्या जागेपासून पळाली असं धरून शोधत बसलो. जिच्यापासून पळायचं त्या जागेचा पत्ता कुणी जपून नेतं का?"

"म्हणजे ती..."

"गुन्हेगार शोधायला तू आज सकाळी निघाला होतास. तो सापडला, बाळ. त्यानं चोरी केली नाही, खून केला नाही. फक्त तोंड उघडलं नाही. आणि त्याचा दोष या पोरीच्या माथी मारला."

सर्जापूर रोड तेव्हा गावाबाहेरचा. निलगिरीची झाडं, वीटभट्ट्या, मधूनच एखादं चिंचेचं बन. विनोदकुमारच्या गाडीत पुढे नागनाथ, मागे शिल्पाश्री.

आश्रमाचा व्यवस्थापक फाटकाशीच भेटला. "स्वल्प उशीर केलात. बाई कालच आल्या. मुलगा येईल म्हणाल्या, म्हणून आम्ही कुणाला कळवलं नाही."

कस्तुरीबाई ओसरीवर दुसऱ्या एका म्हातारीच्या पत्राचं पाकीट लिहून देत होत्या. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, पाकीट पुरतं लिहिलं आणि मग पेन बंद केलं.

"आई, घरी चल," विनोदकुमार म्हणाला.

"कुठल्या? ते घर तू सोडणार आहेस असं लिहिलंयस."

"आई, मी सांगणार होतो."

"मी वाट पाहिली. सोमवारी तू चहा घेतलास, पेपर वाचलास आणि गेलास. मंगळवारीही. बुधवारी तू माझ्यासाठी मोसंबी आणलीस. मला वाटलं, आज सांगेल. तू मोसंबी सोलून दिलीस." त्या थांबल्या. "मग ठरवलं, मला कुणीतरी इथं आणून सोडलं, असं नको. मी आले, असं हवं."

विनोदकुमारनं त्यांचे पाय धरले. कस्तुरीबाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, पण त्याला उठवलं नाही.

"नागनाथराव, तुम्ही शोधलंत मला," त्या म्हणाल्या. "आता सांगा, मी काय करावं?"

नागनाथांनी हजार कीर्तनं ऐकली होती. आता परत घेऊन जावं, तर पुढच्या महिन्यात पुन्हा इथंच. न न्यावं, तर हे असं.

"मला माहीत नाही, बाई," ते म्हणाले.

"बरं केलंत, खोटं नाही बोललात." त्यांनी शिल्पाश्रीला जवळ ओढलं. "तुला यांनी फार छळलं ना?"

शिल्पाश्रीला हुंदका आवरेना. "बाई, मी सांगायला हवं होतं."

"तू नाही गं. ज्यानं सांगायला हवं होतं तो इथं बसलाय." त्यांनी मुलाची हनुवटी वर केली. "विनू, मला ते सगळं एका प्लास्टिककडून कळलं. तू एकदा तोंडानं सांग. तेवढं माझं देणं लागतोस."

विनोदकुमारनं त्यांचे पाय सोडले.

"आई," तो म्हणाला, "मी तुला इथं ठेवून जाणार होतो."

"आता कळलं," कस्तुरीबाई म्हणाल्या. आत कुठंतरी घंटा वाजली. त्यांनी आपलं ताट उचललं आणि पदर सावरला. "उठा, हात धुवा सगळ्यांनी. इथं पंगतीला उशीर चालत नाही."