धुक्यातली तोंडी परीक्षा

त्या सकाळी फेरीबोटीवर तो भेटेल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. वाटलं असतं तर मी पुढची बोट पकडली असती! आधीच दाट धुकं, केस ओले, चष्म्यावर पाणी... आणि भोंग्यापाशी उभं कोण? तर माझ्या वर्गातला अव्वल नंबरचा ढ.

खलाशांना समुद्राचे नियम शिकवायचे आणि त्यांची तोंडी परीक्षा घ्यायची, हे माझं काम. धुक्यात कुठली बोट कसा आवाज देते, एवढा एक धडा या माणसाला तीनदा जमला नव्हता. उद्या चौथी आणि शेवटची संधी. ती हुकली, तर बोट चालवायचा परवाना त्याला कधीच मिळणार नव्हता. त्या काळजीनं माझी झोप उडाली होती, आणि हा पठ्ठ्या मजेत शीळ घालत होता!

"आज आपली खैर नाही," मी पुटपुटले.

त्यानं एक लांब भोंगा दिला. बरोबर दोन मिनिटांनी पुन्हा एक. मग कप्तानांनी इंजिन थांबवलं, बोट जागच्या जागी स्थिरावली, आणि कुणी न सांगता त्यानं दोन लांब भोंगे दिले, थांबलेल्या बोटीचा अगदी बरोबर इशारा. समोरून घंटा घणघणली.

"कुणीतरी नांगर टाकून उभंय, कप्तान," तो ओरडला. "पुढे, डाव्या अंगाला!"

मी तरातरा त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"सगळं येतं तुम्हाला?"

"मॅडम! तुम्ही... इथे?"

"घंटा वाजवते ती मासेमारी बोट, असं तीनदा सांगितलंत मला! मुद्दाम?"

तो कानापर्यंत लाल झाला. "पास झालो असतो तर... वर्गच संपला असता. मग तुमच्याकडे यायचं कुठल्या निमित्तानं?"

"अहो, चहाला विचारायचं!"

"तुमच्या कपाळावर कायम आठ्या. हिंमत कुठून आणू?"

"आणि त्या आठ्या कुणामुळे?"

मला इतका संताप आला की रडूच फुटलं. माझ्यासाठी हा माणूस स्वतःच्याच पोटावर पाय द्यायला निघाला होता, आणि मी वेडी मनातून खूश होते!

"उद्या तुमची परीक्षा मी घेणार नाही," मी म्हटलं. "मोठे साहेब घेतील."

"ते? ते तर फाडून खातील! पण का, मॅडम?"

"ज्याच्यावर जीव जडलाय, त्याची परीक्षा मला घेता येत नाही."

त्याचा वासलेला आ मिटेना. कप्तानांनी वरून शिव्या घातल्या, तेव्हा कुठे त्याला भोंग्याची आठवण झाली.

"म्हणजे... तुम्ही... मला..."

"म्हणजे घरी जा आणि अभ्यास कर," मी चष्मा पुसत म्हटलं. "नापास नवरा मला चालायचा नाही."