डोंगराला ऐकू जाऊ दे

ही गोष्ट रचलेली नाही. खोटं वाटलं तर बोरीच्या नागनाथ गुरुजींना विचारा. फक्त दिवसा विचारा. संध्याकाळी ते घरी नसतात.

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. जिंतूरकडच्या डोंगरांत, तळ्याकाठी गोल्फचं मैदान आहे. मऊ हिरवं गवत, मोठी झाडं, समोर पाणी आणि पाण्यापलीकडे डोंगर. गुरुजींचा मुलगा महालिंग तिथलं गवत राखतो. खेळणारे परतायला लागले, की गुरुजी नातीला शेवटच्या झेंड्यापाशी बसवून पाढे शिकवत.

शिवरंजनी हुशार होती, पण आवाज एवढासा. वर्गात बाईंनाही ऐकू जात नसे.

"रंजू, मोठ्यानं म्हण बाळा. त्या डोंगराला ऐकू जाऊ दे."

"डोंगराला पाढे काय करायचेत, आप्पा?"

"त्यालाबी शिकू दे की!"

दोघं हसली. ते हसूही पलीकडून परत आलं. त्याचं कुणाला नवल नव्हतं. चेंडूला फटका बसला, की त्याचा आवाज डोंगरावर आपटून रोज परत यायचा.

त्या संध्याकाळी शेवटच्या खेळाडूनं फटका मारला.

खट...

परत काहीच आलं नाही.

वाऱ्यानं झेंडा फडफडत होता. त्याचाही आवाज नव्हता.

शिवरंजनीनं साताचा पाढा धरला. आज ती खरंच मोठ्यानं म्हणत होती.

"सात सक बेचाळीस!"

"...बेचाळीस," डोंगरावरून आलं.

"सात साती... अठ्ठेचाळीस!"

गुरुजी चूक सांगणार, तोच पाण्यापलीकडून आवाज आला...

"...एकोणपन्नास."

आवाज शिवरंजनीचाच होता.

गुरुजी ताडकन उभे राहिले.

"आप्पा, त्याला लय चांगलं येतंय की!" पोरीनं टाळ्या वाजवल्या.

"ऊठ. घरी चल."

"एवढा पुरा करू द्या ना!"

ती पाण्याकडे वळली. तिचे ओठ हलले.

जवळून काहीच ऐकू आलं नाही.

"...सात आठी छप्पन्न," पलीकडून आलं.

गुरुजींनी तिला उचललं आणि पळत सुटले. तिचे ओठ त्यांच्या कानाशी हलत होते. ऊन ऊन श्वास लागत होता. आवाज मात्र मागून येत होता... तळ्यावरून.

"...आप्पा... आप्पा..."

परभणीच्या डॉक्टरांनी घसा तपासला. दोष सापडला नाही. शिवरंजनी खाते, खेळते, पाटीवर लिहून दाखवते. बोलत नाही.

महालिंग हात जोडतो. "आप्पा, नगा जाऊ तिकडं."

"माझं लेकरू तिथं हाय," गुरुजी म्हणतात. रोज झेंड्यापाशी उभे राहून तिला हाका मारतात. ओ येत नाही. पाढे येतात.

काल तेराचा चालू होता.

गुरुजींनी तिला बारापर्यंतच शिकवलेत.

मध्ये एकदा ती अडखळली...

आणि पलीकडून दुसऱ्याच कुणीतरी, हळूच, मायेनं, तिला पुढचं सांगितलं.