थंड इंजिनाची वाटी

शेजारचं तांब्या-पितळेचं दुकान त्या दुपारी बंद होतं, म्हणून तो जुन्या स्पेअर पार्टच्या दुकानाची पायरी चढला. एरवी तो तिथे कशाला येतोय! शिंपी माणूस, गाडीशी त्याचा संबंध बसण्या-उतरण्यापुरता. काउंटरमागे ती एकटीच होती, कोपरापर्यंत हात ग्रीसने माखलेले. त्याने खिशातून अस्तराच्या तुकड्यात गुंडाळलेली एक वस्तू काढली आणि झोपलेलं मूल ठेवावं तशी तिच्यासमोर ठेवली.

पितळेची वाटी, लिंबाएवढी. खाली इवलीशी तोटी आणि तिच्याखाली आटे.

“हे काय आहे, सांगाल?” त्याने विचारलं. मग इतक्या हळू बोलला की तिला पुढे वाकावं लागलं... “माझे वडील काहीतरी सांगतायत. मला कळत नाहीये.”

वडील आगीच्या बंबाचे ड्रायव्हर होते. अर्धांगवायूने उजवी बाजू नेली आणि जाताना वाचाही नेली. तेव्हापासून ही वाटी त्यांच्या डाव्या मुठीत असायची. येणाऱ्या-जाणाऱ्यापुढे धरायचे. कोणी म्हणे दिवा आहे, कोणी म्हणे दौत. मग ते संतापायचे, उशीवर मूठ आपटायचे. मुलाने स्टिअरिंग सोडून सुई धरली म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं त्याच्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं होतं. आता बोलावंसं वाटत होतं, तर शब्दच उरले नव्हते.

मामाने तिला याच लोखंडात लहानाचं मोठं केलेलं. तिने वाटी एकदा फिरवून पाहिली आणि ठणकावून सांगितलं की ही तेलाची वाटी आहे, जुन्या इंजिनांना वरून वंगण द्यायची.

दुसऱ्या दिवशी तो परत आला. तेलाची वाटी म्हटल्यावर वडिलांनी भिंतीकडे तोंड फिरवलं होतं.

तिला ते लागलं. तिने मामाला विचारलं. मोतीबिंदूमुळे तो बोटांनीच बघायचा. बराच वेळ चाचपून त्यानेही हात टेकले.

मग वडिलांचा डोळा लागला की तो वाटी घेऊन यायचा. ती इंजिनांचे जुने हेड, जुने पाइप काढून आटे जुळवून बघायची, तो बाकड्यावर बसून तिचे हात बघायचा. तिची नजर वर आली की त्याची खाली... एकदा न विचारताच त्याने तिच्या ओढणीची उसवलेली कड टाचून दिली. सुई त्याच्या कॉलरलाच असायची. सगळा बाजार तिला ताई म्हणायचा. हा मात्र वाक्यं अशी काही वळवून बांधायचा की संबोधनाची गरजच पडू नये.

“मला दिसत नाही नीट,” तो गेल्यावर मामा म्हणाला, “पण ऐकू येतं. हे गिऱ्हाईक तुला ताई म्हणत नाही गं.”

ती नट निवडत राहिली. सगळे चुकीच्या डब्यात.

शेवटी तीच त्यांच्या घरी गेली. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, आतल्या खोलीत खाट आणि खाटेवर तो धिप्पाड म्हातारा. तिने नमस्कार केला आणि हात पुढे केला. त्यांनी जरा थांबून वाटी दिली. तिने मुलाकडून सुई मागून घेतली, तोटी उघडली आणि खालच्या तोंडातून खरवडलं. तेलाचा चिकटा नव्हता. कोरडी, काळी पूड तळहातावर पडली.

काजळी.

म्हणजे वाटीचं तोंड जिथे पेट्रोल पेटतं तिथे उघडत होतं! तिथे वंगण कोण ओतणार? तिथे ओतायचं ते...

ती उठून उभी राहिली. हवेतल्या हवेत वाटीत चमचाभर पेट्रोल ओतलं, तोटी बंद केली आणि वाकून इंजिनाचं हँडल फिरवल्यासारखा हात फिरवला. “थंडीत इंजिन उठेना की असं करायचात. हो ना, बाबा?”

म्हाताऱ्याचा डावा हात पुढे आला. त्याने तिचं मनगट धरलं आणि सोडेचना. डोळ्यांतलं पाणी पुसायला दुसरा हात चालत नव्हता; ते मुलाने पुसलं.

त्यांना काय हवंय हे आता दोघांनाही कळलं होतं: त्यांचं ते इंजिन पुन्हा एकदा सुरू व्हायला हवं होतं. त्यांचा जुना बंब अजून फायर स्टेशनच्या मागच्या शेडमध्ये उभा होता. तिथला प्रमुख एके काळी त्यांच्याच हाताखाली शिकलेला, त्याने लगेच परवानगी दिली. सुटीचे दिवस खर्ची घालून तिने इंजिन साफ केलं, मुलगा शेजारी दिवा धरून बसला. इंजिनावर अशा वाट्या ओळीने होत्या. एका जागी मात्र नुसता बोल्ट. म्हाताऱ्याने निवृत्त होताना आठवण म्हणून एक काढून नेली असावी.

वडिलांना चाकाच्या खुर्चीतून आणलं. तिने वाटी त्या बोल्टच्या जागी बसवली, ओळीतल्या प्रत्येकीत पेट्रोल ओतलं. हँडल मुलाने धरलं, तोच वडील घशातून ओरडले. खुर्ची जवळ नेली. त्यांनी मुलाचा हात ओढला, हँडलभोवती गुंडाळलेला अंगठा सोडवून बाकीच्या बोटांच्या बाजूला ठेवला. उलटा झटका बसला तर अंगठा मोडतो. बापाने मुलाला इतक्या वर्षांनी काहीतरी शिकवलं... मुलगा मान खाली घालून उभा राहिला आणि मग त्याने हँडल मारलं. काही नाही. पुन्हा. काही नाही. आणि मग शेडचे पत्रे थरथरले. म्हाताऱ्याने बॉनेटवर डावा तळवा टेकला आणि इंजिन बंद होईपर्यंत उचलला नाही.

पुढच्या महिन्यात ते झोपेतच गेले. ती त्यांच्या घरी जाऊन मुलाला भेटून आली. गर्दीत दोघांचं बोलणं झालंच नाही. मग बरेच दिवस तो आला नाही. पायरीवर कुणाचीही चाहूल लागली की ती मान वर करायची.

आला तेव्हा हात रिकामे होते.

“आज काय आणलंय?” तिने विचारलं.

“काही नाही. ओळखून घ्यायचं काही उरलं नाही आता...” तो थांबला. “एकच विचारायचंय. माझ्याशी लग्न कराल?”

तिने फडक्याला हात पुसले. स्वच्छ झाले तरी पुसतच राहिली.

“मामाला माझ्याशिवाय कोणी नाही,” ती म्हणाली. “मी त्याला सोडून येणार नाही.”

“त्यांना घेऊनच या,” तो म्हणाला. “आतली खाट रिकामी आहे. मला ती तशी बघवत नाही.”

ती दुकानामागच्या खोलीच्या पडद्याकडे वळली.

“मामा,” तिने हाक मारली, “जरा बाहेर ये. यांना तुझ्याशी बोलायचंय.”